विलिस्टनच्या तेलपट्ट्यात छोटा धंदा: रिग जाते, विहीर राहते

एका ताईंनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नवऱ्याला नॉर्थ डकोटातल्या वॉटफर्ड सिटीत तेलसेवा कंपनीत नोकरी लागली आहे. दोघांचं ग्रीन कार्ड झालं आहे, ७० हजार डॉलर बाजूला काढून ठेवले आहेत. या भागात अजून कुणी फारसा हात न घातलेला छोटा धंदा कोणता? ताईंनी स्वतःचे तीन विचारही लिहिले आहेत: फूड ट्रक, भाड्याने द्यायला घरं, किंवा जुना टँकर घेऊन पाणी वाहणं.

मी २०१२ च्या शेवटी जवळच्याच विलिस्टनला आले आणि तेव्हापासून इथल्या छोट्या कंत्राटदारांचे हिशेब लिहिते. पगारपत्रकं, विक्रीकर, कर्जाचे कागद, आणि धंदा बंद करायची वेळ आली की तेही काम माझ्याकडेच येतं. त्यामुळे कोण काय सांगतं त्यापेक्षा कुणाच्या वहीत महिनाअखेर काय उरतं हे मला जास्त माहीत आहे. त्या तीनही कल्पनांना माझं उत्तर आधी देते: पहिल्या वर्षी तिन्ही नकोत. का ते सांगते, आणि त्यांच्याऐवजी काय करता येईल तेही.

आधी एक आकडा पक्का डोक्यात ठेवा. २९ मे २०१२ ला नॉर्थ डकोटात २१८ रिग चालू होत्या, तो इथला उच्चांक. २०१४ च्या उन्हाळ्यात शंभर डॉलरच्या वर असलेला तेलाचा भाव २०१६ च्या सुरुवातीला तिशीच्या खाली आला आणि मे २०१६ मध्ये रिगची संख्या २७ वर घसरली. आठातल्या सात रिग गेल्या. पण त्याच महिन्यात राज्यातून रोज दहा लाख पिंपांच्या वर तेल निघतच होतं. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये रोजचं उत्पादन पंधरा लाख पिंपांवर गेलं, आणि तेव्हा रिग होत्या साठीच्याही आत.

याचा अर्थ समजून घ्या. रिग म्हणजे विहीर खोदणारं यंत्र. ते येतं, खोदतं, पुढच्या जागी जातं. त्याच्यामागे ड्रिलिंगची माणसं, फ्रॅकिंगची (पाणी-वाळूच्या दाबाने खडक फोडणारी) टोळी, पाणी-वाळूचे ट्रक, मॅन कॅम्प म्हणजे कामगारांच्या तात्पुरत्या वस्त्या, हॉटेलं. ही गर्दी डोळ्यांत भरते म्हणून प्रत्येक नवखा माणूस तिच्याकडे बघून धंदा ठरवतो. भाव पडला की कंपनी सगळ्यात आधी खोदकाम थांबवते आणि ती गर्दी दोन-तीन महिन्यांत उठून जाते. खोदून झालेली विहीर मात्र तिथेच असते. बॅकनमधल्या, म्हणजे इथल्या तेलाच्या खडकथरातल्या, विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षी निम्म्याहून जास्त घटतं, पण त्यानंतर ती वर्षानुवर्षं थोडं थोडं देत राहते. आज राज्यात अशा चालू विहिरी १९ हजारांच्या वर आहेत. प्रत्येकीकडे पंपर, म्हणजे विहिरी सांभाळणारा माणूस, गाडी घेऊन फेरी मारतो, टाक्यांची पातळी बघतो, प्रत्येकीच्या रस्त्यावर बर्फ पडतो, पॅडवर, म्हणजे विहिरीभोवतीच्या सपाट केलेल्या जागेवर, तण माजतं, वाल्व गळतो. हे काम भाव १०० डॉलर असताना होतं आणि ४० असतानाही होतं.

म्हणून माझ्याकडे कुणी कल्पना घेऊन आलं की मी एकच विचारते: तुमचं गिऱ्हाईक रिगबरोबर निघून जाणारं आहे, की विहिरीबरोबर राहणारं?

आता ज्यांत मला खरंच जागा रिकामी दिसते ते धंदे. पहिल्यावर थोडं रेंगाळते, कारण त्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

इथे रस्त्यावर दिसणारा जवळजवळ प्रत्येक मोठा ट्रक चालवणाऱ्याला व्यावसायिक परवाना लागतो, आणि तो परवाना असलेल्या प्रत्येक चालकाला केंद्र सरकारच्या परिवहन खात्याचे मादक द्रव्य चाचणीचे नियम लागू होतात. नोकरीला लावताना चाचणी. वर्षभरात चालकांच्या संख्येच्या निम्म्या इतक्या अचानक चाचण्या. आणि विशिष्ट प्रकारचा अपघात झाला, म्हणजे कुणी दगावलं, किंवा चालकाला पोलिसांनी वाहतुकीचा नियम मोडल्याचं चलन दिलं आणि सोबत कुणी जखमी झालं वा गाडी ओढून न्यावी लागली, तर लगेच चाचणी. दारूची चाचणी शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा आठ तासांत. मादक द्रव्याची ३२ तासांत. मुदत उलटली की चाचणी घ्यायचीच नाही, का झाली नाही हे लिहून ठेवायचं, आणि तो कागद पुढे तपासणीत मालकाच्या अंगावर येतो.

आता विचार करा, जानेवारीत रात्री अडीचला हायवे ८५ वर ट्रक बर्फात घसरून उलटलाय. दवाखान्यातलं चाचणी केंद्र सकाळी आठला उघडणार. मालकाला त्या घडीला असा माणूस हवा असतो जो स्वतःची पेटी घेऊन तिथे येईल. असे फिरते नमुना-संकलक या पट्ट्यात पुरेसे नाहीत. माझ्या हिशेबातले दोन ट्रकवाले तर रात्रीच्या वेळी दुसऱ्या गावाहून माणूस बोलावतात.

या कामाला वैद्यकीय पदवी लागत नाही. नियमांचं प्रशिक्षण घ्यायचं, मग देखरेखीखाली लागोपाठ पाच सराव-संकलनं एकही चूक न करता करून दाखवायची, आणि दर पाच वर्षांनी उजळणी. श्वासातल्या दारूची चाचणी करायची असेल तर तिचं वेगळं प्रशिक्षण आणि मान्यताप्राप्त यंत्र लागतं. यंत्रच यातला मोठा खर्च. काम बघायला सोपं पण काटेकोर. संडासाच्या पाण्यात निळा रंग टाकायचा, चालकाला खिसे रिकामे करायला सांगायचे, भांड्यात किमान ४५ मिलिलिटर हवं, चार मिनिटांच्या आत तापमान बघायचं आणि ते ३२ ते ३८ अंशांच्या मध्ये हवं. मग त्याच्या डोळ्यांदेखत दोन बाटल्यांत वाटायचं, एकीत ३०, दुसरीत १५, दोन्हींवर सील, सीलवर तारीख आणि चालकाची आद्याक्षरं. एक सही राहिली तर सगळी चाचणी बाद होऊ शकते. ज्या माणसाला कागद नीट भरायची सवय आहे त्याला हे काम जमतं, आणि ताईंनी लिहिलं आहे की त्यांनी आठ वर्षं प्रयोगशाळेत काम केलं आहे. म्हणून तर हे मी पहिलं सांगते आहे.

शिवाय यात कायमचं गिऱ्हाईक बांधता येतं. एकट्या ट्रकमालकालासुद्धा स्वतःच्या अचानक चाचण्यांसाठी एखाद्या सामायिक गटात नाव घालावंच लागतं, स्वतःच्या चाचणीचा दिवस त्याला स्वतः ठरवता येत नाही. असा गट चालवणाऱ्या संस्थांना स्थानिक संकलक हवाच असतो. आधी त्यांच्यासाठी काम करा, वर्षभराने स्वतःचा गट काढायचा का ते ठरवा. रात्रीच्या फेरीचा आणि मैलांचा दर सुरुवातीपासून वेगळा लावा. सुरुवातीला भिडेपोटी एकच दर लावला की नंतर तो वाढवता येत नाही, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

दुसरा धंदा शिवणाचा आहे. तो ऐकून लोक माझ्याकडे अविश्वासाने बघतात.

विहिरीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला आगरोधक कपडे घालावे लागतात. इथे सगळे त्यांना एफआर म्हणतात. एक चांगला एफआर कव्हरऑल (अंगभर एकसंध कपडा) किंवा थंडीचं बिब (खांद्यावर पट्टे असलेली जाड विजार) महाग असतं, आणि ते फाटतं ते कापड जीर्ण झाल्यामुळे नाही, तर चेन गेल्यामुळे, गुडघा घासल्यामुळे, खिसा कुठेतरी अडकून उसवल्यामुळे. साध्या शिंप्याकडे दिलं तर तो पॉलिएस्टरचा दोरा घालतो. आग लागली तर तो दोरा वितळतो आणि शिवण उघडी पडते. दुरुस्ती आगरोधक ॲरामिडच्या दोऱ्याने आणि त्याच जातीच्या कापडाने व्हायला हवी. जाड कापड ओढणारं एक औद्योगिक शिलाई मशीन, तो दोरा, ठिगळाचं कापड, पितळी चेनी आणि चमकत्या पट्ट्यांचे रोल, एवढ्यावर काम सुरू होतं. दोन-तीन हजार डॉलरमध्ये चांगलं वापरलेलं मशीन मिळून जातं. पुढे भरतकामाचं मशीन घेतलं तर त्याच दोऱ्याने नाव आणि कंपनीचं चिन्ह घालून देता येतं, आणि त्यात पैसा जास्त आहे.

माझ्या ओळखीच्या एका बाईंनी हे टायोगा गावात घरच्या गॅरेजमध्ये सुरू केलं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा भिंतीला लोखंडी दांडीवर चाळीस-एक कव्हरऑल टांगलेले होते, प्रत्येकाला कागदी चिठ्ठी: नाव, शिफ्ट, कधी हवं. "कधी हवं" हा रकाना म्हणजेच त्यांचा धंदा आहे, असं त्या म्हणाल्या. इथली माणसं दोन आठवडे कामावर आणि दोन आठवडे घरी अशा पाळीत राहतात. माणूस सुट्टीला निघताना कपडा टाकून जातो आणि परत येतो त्या दिवशी त्याला तो तयार लागतो. म्हणजे कामाला चौदा दिवसांची सवड मिळते, घाई नाही. मोठ्या कंपन्या गणवेश भाड्याने घेतात, त्यांच्या मागे लागू नका. पाच-दहा माणसांचे कंत्राटदार आणि स्वतःचे कपडे स्वतः घेणारी माणसं, हे गिऱ्हाईक.

याला जोडून धुलाई. कपडे धुण्याची दुकानं आहेत, पण तेलाच्या चिखलाने माखलेले कपडे साध्या यंत्रात घातले तर पुढच्या माणसाच्या चादरीला डिझेलचा वास येतो, म्हणून काही ठिकाणी ते घालूच देत नाहीत. एफआर कपडे उलटे करून, वेगळे, क्लोरीन ब्लीचशिवाय धुवावे लागतात. कपडे मऊ करणारं द्रव्य अजिबात घालायचं नाही, कारण त्याचा थर कापडावर बसतो आणि तो थर पेट घेऊ शकतो. पण धुलाईत सांडपाण्याची परवानगी, मोठी यंत्रं आणि जागेचं भाडं येतं. तुमच्या भांडवलात पहिल्या वर्षी ते बसत नाही. आधी शिवण, धुलाई नंतर.

तिसरं काम नवऱ्याच्या सुट्टीच्या आठवड्यांत दोघांना मिळून करता येईल असं आहे: उन्हाळ्यात विहिरींच्या पॅडवरचं तण, हिवाळ्यात त्याच पॅडवरचा बर्फ. लीफी स्पर्ज नावाचं एक पिवळ्या फुलांचं तण इथल्या शेतकऱ्यांचा जुना शत्रू आहे. त्याची मुळं खूप खोल जातात आणि गाईगुरं ते खात नाहीत. तेल कंपनीच्या पॅडवरून ते शेजारच्या कुरणात पसरलं की जमीनमालक भांडायला येतो, आणि कंपनीच्या जमीन विभागाला ते भांडण नको असतं. फवारणीसाठी व्यावसायिक प्रमाणपत्र लागतं. नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीची विस्तार सेवा त्याचं प्रशिक्षण आणि परीक्षा घेते. एक पिकअप, मागे टाकी आणि पंप, विमा. मे ते सप्टेंबर हे काम, आणि नोव्हेंबरपासून त्याच पिकअपला पुढे फाळ लावून बर्फ. ज्या पॅडवर तुम्ही उन्हाळ्यात गेला आहात तिथला रस्ता, कुंपण, टाकीचा जिना तुम्हाला पाठ असतो. बर्फाखाली काय आहे हे माहीत असलेला माणूस पाइप तोडत नाही, म्हणून पंपर तुम्हालाच परत बोलावतो.

इथेच एक उपशाखा सांगते जी पुढची दहा वर्षं वाढेल असं मला वाटतं: जुन्या विहिरींच्या जागा पूर्ववत करणं. २०२० मध्ये भाव कोसळला तेव्हा राज्याने केंद्राच्या कोविड निधीतून बेवारस विहिरी बुजवायचं काम काढलं, आणि २०२१ च्या केंद्रीय पायाभूत सुविधा कायद्यात देशभरातल्या अशा विहिरींसाठी ४.७ अब्ज डॉलर ठेवले गेले. विहिरीत सिमेंट ओतणं मोठ्यांचं काम आहे. त्यानंतर लाल स्कोरियाचा खडीथर उचलणं, माती परत पसरणं, मूळ गवताचं बी पेरणं, दोन वर्षं कुंपण राखणं आणि गवत खरंच उगवलं का याची नोंद ठेवणं, हे छोट्यांचं काम. म्हणजे भाव पडला तरी हे काम थांबत नाही. माझ्या वह्यांमध्ये असा दुसरा धंदा नाही.

पाळणाघराबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. वॉटफर्ड सिटीची वस्ती २०१० च्या जनगणनेत १७४४ होती, २०२० मध्ये ६२०७. सुरुवातीला एकटे पुरुष आले, मग कुटुंबं आली, आणि ती राहिली. आईवडील दोघंही बारा तासांच्या पाळीत, एकाची पाळी पहाटे पाच-साडेपाचला सुरू. बहुतेक पाळणाघरं त्या वेळेला बंद असतात. माझ्याकडे पगारपत्रकाचं काम करायला आलेल्या दोन हुशार मुलींनी केवळ यामुळे नोकरी सोडली. घरातच परवाना घेऊन चालवायचं छोटं पाळणाघर, पहाटे साडेचारला दार उघडणारं, ही या गावांची खरी गरज आहे, आणि राज्य सरकार व स्थानिक विकास मंडळं त्यासाठी मदतही देतात. पण यातून मोठा नफा होईल असं मी सांगणार नाही. मुलांमागे माणसं किती हवीत हे नियमाने ठरलेलं असतं, आणि माणसं टिकवणं हीच या पट्ट्यातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. २०१४ च्या सुमारास विलिस्टनच्या वॉलमार्टमध्ये सुरुवातीचा पगार तासाला १७ डॉलरच्या वर होता, देशाचं किमान वेतन ७.२५ असताना. आज ती टंचाई तेवढी तीव्र नाही, पण तेलावर जास्त पगार मिळतो म्हणून मुलगी सोडून जाणार, हे गृहीत धरूनच चालावं लागतं. मुलांची आवड असेल तरच करा. केलंत तर अख्खं गाव तुमचं ऋणी राहील.

एक आडवी गोष्ट, तुमच्या ओळखीत कुणी फार्मासिस्ट असेल तर. नॉर्थ डकोटात १९६३ पासूनचा कायदा आहे की औषधाच्या दुकानाची बहुसंख्य मालकी नोंदणीकृत फार्मासिस्टचीच हवी. २०१४ मध्ये तो रद्द करायचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. म्हणून इथे मोठ्या साखळ्यांची भीती औषध दुकानदाराला तितकी नाही. छोट्या गावात स्वतः फार्मासिस्ट असलेल्या माणसाला अशी संधी देशात क्वचितच मिळेल.

आता तुमच्या तीन कल्पना.

फूड ट्रक उणे तीस अंशात चालवायचा तर पाण्याच्या नळ्या गोठतात, जनरेटर सुरू होत नाही आणि गिऱ्हाईक गाडीतून उतरत नाही. वर्षातले पाच महिने तुम्ही उष्णतेवरच पैसे खर्च कराल. अन्नातच काम करायचं असेल तर परवानाधारक स्वयंपाकघर तासांवर भाड्याने घ्या आणि ठरलेल्या टोळ्यांना पहाटे चारला डबे पोचवा, आधी नोंदवलेले, मोजलेले. त्यात वाया काही जात नाही.

भाड्याच्या घरांबद्दल विलिस्टन दोनदा पोळलं आहे. १९८० च्या दशकात भाव पडला तेव्हा शहराकडे रस्ते, दिवे आणि गटारं असलेले पण घरं नसलेले भूखंड उरले, आणि त्यांच्या कर्जाचा बोजा गावाने वर्षानुवर्षं वाहिला. जुनी माणसं अजून त्यावर बोलतात. २०१४ च्या सुरुवातीला एका पाहणीत विलिस्टनमधल्या एका बेडरूमच्या घराचं भाडं देशात सर्वाधिक निघालं, महिना २३०० डॉलरच्या वर. त्या भाड्यावर हिशेब मांडून ज्यांनी इमारती बांधल्या, त्यांतल्या कित्येकांना दोन वर्षांनी निम्म्या भाड्यातही माणूस मिळेना. तेव्हा कर्ज घेऊन घर बांधलेल्या एका जोडप्याच्या दिवाळखोरीचे कागद मी भरले आहेत. नवरा शेवटपर्यंत मला विचारत होता की हिशेब कुठे चुकला. हिशेब बरोबर होता, भाडं कायम तेवढंच राहील हे धरलेलं चुकलं. स्वतः राहायला घर घ्या, पण धंदा म्हणून ७० हजार त्यात घालू नका.

पाण्याचा टँकर. पूर्वी एका विहिरीचं खोदकाम आणि फ्रॅकिंग पूर्ण होईपर्यंत ट्रकच्या दोन हजारांवर फेऱ्या व्हायच्या, त्यामुळे ज्याच्याकडे टँकर त्याला काम. आता बरंचसं पाणी जमिनीवरून टाकलेल्या लांब नळ्यांनी जातं आणि विहिरीतून तेलाबरोबर निघणारं खारं पाणीसुद्धा पाइपलाइनने. उरलेलं काम मोठ्या ताफ्यांकडे. २०१३ मध्ये माझ्या एका गिऱ्हाइकाने कर्जावर सहा ट्रक घेतले. २०१५ च्या सुरुवातीला एका तेल कंपनीचं पत्र आलं की दर वीस टक्क्यांनी उतरवा नाहीतर काम बंद. त्यांनी उतरवले, तरी त्या हिवाळ्यात सहापैकी चार ट्रक अंगणात उभे राहिले आणि हप्ते मात्र सहाचे चालू.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. इथे छोटे धंदे काम नसल्यामुळे बुडतात त्यापेक्षा जास्त काम असताना रोकड संपल्यामुळे बुडतात.

तेल कंपनीला थेट सेवा द्यायची तर आधी त्यांचा मुख्य सेवा करार सही करावा लागतो. त्यात दहा-दहा लाखांचा दायित्व विमा, सुरक्षेच्या नोंदी एका सशुल्क संकेतस्थळावर वर्षभर अद्ययावत ठेवणं, आणि अपघात झाला तर कोण भरपाई देणार याची कलमं. ती कलमं वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, दोन-तीनशे डॉलर वाचवायला जाऊ नका. आणि बिलाचे पैसे ६० दिवसांनी, कधी ९०. समजा तुमच्याकडे तीन माणसं आहेत, पगार, डिझेल आणि विमा मिळून महिन्याला १८ हजार खर्च. पैसे ७५ दिवसांनी येणार असतील तर पहिला धनादेश हातात पडेपर्यंत ४५ हजार तुमच्या खिशातून गेलेले असतात. त्यात एखादं बिल "कोड चुकला" म्हणून परत आलं की आणखी महिना. मग माणूस बिलं विकत घेणाऱ्या संस्थेकडे जातो, तिथे दर बिलामागे काही टक्के कापून लगेच पैसे मिळतात, आणि नफा तिथेच संपतो.

म्हणून पहिल्या वर्षी तेल कंपनीला थेट विकू नका. तिच्या कंत्राटदाराला, ट्रकमालकाला, कामगाराला विका, म्हणजे जो कार्डाने त्याच दिवशी पैसे देतो त्याला. वर सांगितलेली शिवण आणि चाचणी दोन्ही या कसोटीला उतरतात. ७० हजारांपैकी ३० हजारांच्या वर सुरुवातीला अडकवू नका. उरलेले पडलेल्या भावाच्या वर्षासाठी.

काही कायदेशीर गोष्टी भराभर. एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) नोंदवायला राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात १३५ डॉलर लागतात, ते ऑनलाइन होतं. माणूस कामावर घेतलात की कामगार भरपाईचा विमा फक्त राज्याच्या वर्कफोर्स सेफ्टी अँड इन्शुरन्स या संस्थेकडूनच घ्यावा लागतो. खासगी विमा इथे चालत नाही, दुसऱ्या राज्यांतून आलेले लोक इथेच फसतात. न्यू टाउनच्या बाजूला फोर्ट बर्थोल्ड आरक्षित प्रदेश आहे, मँडन, हिदात्सा आणि अरिकारा या तीन जमातींचा, आणि तिथे बरंच तेल आहे. तिथे काम करायचं तर जमातीच्या रोजगार हक्क कार्यालयाचा वेगळा परवाना लागतो. तो नियम मनापासून पाळा, ती जमीन त्यांची आहे. नवऱ्याच्या कंपनीला काही विकणार असाल तर त्याने आधी कंपनीत लेखी कळवलं पाहिजे, नाहीतर त्याची नोकरी धोक्यात. आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी: ग्रीन कार्ड नसताना एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, कामाच्या परवानगीविना, यातलं काहीही करता येत नाही. गुंतवणूकदारांचा ई-२ व्हिसा भारतीय नागरिकांना मिळत नाही. एजंट वेगळं सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

कर्ज लागलंच तर बँक ऑफ नॉर्थ डकोटाबद्दल स्थानिक बँकेत विचारा. १९१९ मध्ये सुरू झालेली ही राज्याच्या मालकीची बँक स्थानिक बँकेबरोबर मिळून कर्ज देते आणि काही योजनांत व्याजाचा भार हलका करते. विलिस्टनमध्ये स्मॉल बिझनेस डेव्हलपमेंट सेंटरचा सल्लागार फुकट भेटतो. माझ्याकडे पैसे देऊन येण्याआधी तिथे जा.

आणि बाजार स्वतः मोजायला शिका. राज्याचा खनिज विभाग रोजचे खोदाईचे परवाने आणि चालू रिगची यादी फुकट देतो, कोणती रिग कुठल्या भागात आहे तेही. दर महिन्याला 'डायरेक्टर्स कट' नावाचं पत्रक निघतं, त्यात उत्पादन, विहिरी, रिग, भाव सगळं असतं. मागच्या दोन वर्षांची पत्रकं एका रविवारी बसून वाचा.

पुढच्या सहा आठवड्यांत मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. संकलकाच्या प्रशिक्षणाला नाव घातलं असतं. त्याच वेळी वॉटफर्ड सिटी, अलेक्झांडर आणि आर्नेगार्ड इथल्या वीस ट्रक-यार्डांत प्रत्यक्ष गेले असते, सकाळी सहाला किंवा संध्याकाळी सहाला, कारण पाळी बदलताना माणसं भेटतात. फोन करून काही होत नाही. काही विकायचं नाही, फक्त दोन प्रश्न विचारायचे: शेवटचा अपघात रात्री झाला तेव्हा चाचणी कुणी घेतली, किती वाजता पोचला आणि किती पैसे घेतले? आणि फाटलेल्या एफआरचं तुम्ही काय करता? उत्तरं वहीत लिहायची, नाव आणि तारखेसकट. वीसपैकी सात-आठ जणांनी "दुसऱ्या गावाहून येतो" किंवा "फेकून देतो" असं सांगितलं तर तुमचा धंदा उभा आहे. तसं कुणीच सांगितलं नाही तर खर्च फक्त पेट्रोलचा झाला. ती वही घेऊन माझ्याकडे या, पुढचा हिशेब आपण बसून मांडू.